मधुबाला : हसऱ्या मुद्रेआडचे झुंजार हृदय

रुपेरी पडद्यावरील मधुबालेचे प्रसन्न हास्य पाहून असंख्य प्रेक्षक आपले दुःख घटकाभर विसरत. परंतु त्या हास्याआड एक सदोष हृदय जन्मापासून अहोरात्र झुंजत आहे, याची त्यांस कल्पनाही नव्हती.

तिचे मूळ नाव मुमताज जहाँ. १४ फेब्रुवारी १९३३ रोजी दिल्लीत तिचा जन्म झाला. वडील अताउल्ला खान पुढे कुटुंबासह मुंबईस आले. घरची गरिबी, भावंडे पुष्कळ. त्यामुळे खेळण्याबागडण्याच्या वयातच तिच्यावर संसाराचा भार पडला. १९४२ मध्ये ‘बसंत’ चित्रपटात ती बालनटी म्हणून झळकली. १९४७ मध्ये ‘नीलकमल’ची ती नायिका झाली आणि १९४९ च्या ‘महल’ने तिची कीर्ती देशभर पसरली.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांस जवनिका म्हणतात. त्यांच्यामधील पडद्यास मधुबालेच्या हृदयात जन्मतःच छिद्र होते. मोटेला भोक पडले, म्हणजे तेवढ्याच पाण्यासाठी बैलांस अधिक खेपा घालाव्या लागतात. तशीच या हृदयाची स्थिती होते. डावीकडचे शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे जाते आणि फुप्फुसांतून फिरून पुन्हा डावीकडेच येते. हा जादा भार पेलताना डाव्या जवनिकेची भिंत ताणली जाते. आरंभी ती अधिक जोराने आकुंचन पावते. पण वर्षे लोटता लोटता थकून शिथिल होऊ लागते. पुढे फुप्फुसांतील दाब वाढला, म्हणजे उजवी भिंत जाड होते, मधला पडदा डावीकडे रेटला जातो आणि भिंतींच्या हालचालींचा मेळ बिघडतो. अशा प्रौढ हृदयातील छिद्र बुजविणेही धोक्याचे ठरते.

१९५४ मध्ये मद्रास येथे चित्रीकरण चालू असता तिला रक्ताची उलटी झाली. दैवयोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी असे छिद्र शस्त्रक्रियेने प्रथमच बुजविले होते. ती विद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती. मधुबालेने मात्र काम सोडले नाही. १९५८ मध्ये ‘चलती का नाम गाडी’त तिने प्रेक्षकांस पोटभर हसविले, ‘मुघल-ए-आझम’मधील अनारकली साकारताना तिने अंगावर जड साखळदंड वागविले. तो चित्रपट १९६० मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी किशोरकुमार यांच्याशी तिचा विवाह झाला. उपचारासाठी ती लंडनला गेली. परंतु तेथील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. जेमतेम दोन वर्षांचे आयुष्य उरले आहे, असे त्यांचे अनुमान होते. ती त्यानंतरही कित्येक वर्षे जगली, पण बहुतेक काळ अंथरुणावरच. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस लोटताच, मुंबईत तिची प्राणज्योत मालवली.

आज ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या भिंतींची हालचाल पडद्यावर प्रत्यक्ष दिसते आणि असे मोठे छिद्र बालपणीच बुजविता येते. विद्यार्थिमित्रहो, खेळताना एखाद्या सवंगड्यास वारंवार धाप लागली, तर त्याला आळशी म्हणून हिणवू नका; त्याच्या घरी ती गोष्ट अवश्य कळवा. मुद्रा हसरी असली, तरी हृदयाचे कष्ट तिच्यावर उमटतातच असे नाही.