फाशांचे गणित उमगलेला डॉक्टर

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक रिक्षाचालक आले. वय पन्नाशीचे, रक्तदाब १८०च्या वर. बाहेरून विकत आणायची एक गोळी त्यांनी पंधरा दिवसांपासून घेतलीच नव्हती, परवडत नाही म्हणाले. केसपेपर काढायला त्यांनी खिशात हात घातला, तर त्याबरोबर रबर लावलेली लॉटरीच्या तिकिटांची चळतही बाहेर आली. बारा वर्षे रोज एक तिकीट घेतात. इतकी वर्षे लागली नाही, म्हणजे आता लागायची वेळ जवळ आली, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा कसा, हे मी जमेल तसे समजावले. त्यांनी मान डोलावली आणि तिकिटे पुन्हा नीट खिशात ठेवली.

ते गेल्यावर मला पाचशे वर्षांपूर्वीचा एक डॉक्टर आठवला. नशिबाच्या खेळांचे गणित पद्धतशीरपणे मांडणारा तो पहिला माणूस, आणि त्या खेळांपायी घर धुळीला मिळवणाराही तोच. त्याचे नाव जिरोलामो कार्डानो.

कार्डानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी इटलीतल्या पाविया येथे झाला. वडील फाझिओ मिलानमध्ये वकील होते. भूमितीचा त्यांचा व्यासंग एवढा, की लिओनार्दो दा विंचीही त्यांच्याशी चर्चा करत असे. आईवडिलांचे तेव्हा लग्न झालेले नव्हते. अनौरस जन्माचा हा शिक्का कार्डानोला पुढे फार महागात पडला. त्याच सुमारास मिलानमध्ये प्लेगची साथ होती आणि तिने त्याची तीन सावत्र भावंडे नेली. तो स्वतःही लहानपणापासून आजारीच असे.

पावियात आणि मग पादुआत तो वैद्यक शिकला. १५२४ मध्ये वडील वारले. हाती आलेला थोडाफार पैसा लवकरच संपला आणि फासे, पत्ते, पैज लावून खेळायचे बुद्धिबळ हेच उत्पन्नाचे साधन झाले. व्हेनिसमध्ये एकदा समोरचा माणूस खुणा केलेल्या पत्त्यांनी खेळतो आहे हे कळताच कार्डानोने त्याच्या तोंडावर खंजीर चालवला, तिथून पळ काढला आणि त्याच रात्री कालव्यात पडून बुडता बुडता वाचला. ही हकिकत त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

१५२६ मध्ये पदवी मिळाली, पण मिलानच्या वैद्यमंडळाने अनौरस म्हणून त्याला दारातच अडवले. मग पादुआजवळच्या एका लहान गावात त्याने दवाखाना थाटला. १५३१ मध्ये लुचियाशी लग्न झाले. संसार वाढला, रुग्ण मात्र वाढले नाहीत. पुढे गाल्लाराते गावी गेल्यावर तर हालच झाले. जुगारात बायकोचे दागिने गहाण पडले, घरातले सामानही गेले आणि अखेर कुटुंबाला मिलानच्या अनाथालयवजा धर्मशाळेचा आसरा घ्यावा लागला. डॉक्टर असलेला, गणितात हुशार असलेला हा तिशीतला माणूस बायको-मुलाला घेऊन तिथे पोचला होता.

तिथून तो वर आला तो बुद्धीच्या जोरावर. मिलानमध्ये गणित शिकवण्याची नोकरी मिळाली. १५३६ मध्ये त्याने तत्कालीन वैद्यांच्या चुकीच्या पद्धतींवर पुस्तक लिहिले. टायफस या तापाचे युरोपातले एक सुरुवातीचे वर्णन त्यात सापडते. मंडळाने १५३९ मध्ये नमते घेऊन त्याला सदस्यत्व दिले. १५४५ मध्ये आलेल्या ‘आर्स माग्ना’ या ग्रंथाने बीजगणितात त्याचे नाव कायमचे कोरले गेले, जरी घन समीकरणांची रीत आपण विश्वासाने सांगितली आणि याने ती छापली, म्हणून तार्ताल्या त्याचा जन्माचा वैरी झाला. मोटारीतल्या कार्डन शाफ्टलाही याच माणसाचे नाव आहे.

डॉक्टर म्हणून त्याची कीर्ती १५५२ मध्ये शिखराला पोचली. स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना जुनाट दमा होता. कार्डानो एडिंबरोला गेला, काही आठवडे रुग्णाला नुसते पाहत राहिला, आणि मग आहार, झोप, व्यायाम यांची शिस्त घालून दिली. पिसांच्या गाद्या-उशा काढून टाकायला लावल्या. ॲलर्जी हा शब्दही तेव्हा नव्हता. आर्चबिशप बरे झाले.

या सगळ्या वर्षांत जुगार मात्र सुटला नव्हता. आपण बुद्धिबळ चाळीस वर्षे आणि फासे पंचवीस वर्षे खेळत आलो, याची कबुली त्याने उतारवयात दिली. त्याच अनुभवातून त्याने नशिबाच्या खेळांवर एक छोटे लॅटिन पुस्तक लिहिले.

त्यातली मूळ कल्पना साधी आहे. आधी एकूण किती निकाल शक्य आहेत ते मोजा, मग त्यांतले आपल्या बाजूचे किती ते मोजा. दोन फाशांचे निकाल ३६, तीन फाशांचे २१६. दोन फाशांत दहाची बेरीज ४-६, ५-५ आणि ६-४ अशी तीनच प्रकारे येते, म्हणून शक्यता ३६ पैकी ३. एकच गोष्ट लागोपाठ दोनदा घडायची असेल तर शक्यतांचा गुणाकार करायचा, हेही त्याला आधी चुकून मग सापडले. चुकलेले त्याने खोडलेही नाही, तसेच ठेवून पुढे दुरुस्त केले. रुग्णाच्या नोंदी ठेवणाऱ्याची ही सवय मला फार आवडते.

हीच रीत आमच्या रिक्षाचालकांच्या तिकिटाला लावू. तिकिटावर सहा अंकी क्रमांक असेल, तर ००००००पासून ९९९९९९पर्यंत दहा लाख निकाल शक्य आहेत आणि आपल्या बाजूचा एक. बारा वर्षांत रोज एक म्हणजे सुमारे ४,४०० तिकिटे झाली. एवढ्या काळात एकदा तरी पहिले बक्षीस लागण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी. दहा लाख तिकिटे घ्यायला रोज एक याप्रमाणे २,७०० हून अधिक वर्षे लागतील, आणि तेवढी वर्षे खेळूनही शंभरातल्या सुमारे ३७ जणांना ते बक्षीस एकदाही लागणार नाही. राहिला प्रश्न वेळ जवळ येण्याचा. फाशाला आठवण नसते, तशी सोडतीच्या यंत्रालाही नसते. बारा वर्षे हरलेल्याची आणि आज पहिल्यांदा तिकीट घेणाऱ्याची उद्याची शक्यता अगदी सारखी, दहा लाखांत एक.

जुगाऱ्याचा सर्वांत मोठा फायदा मुळात न खेळण्यातच आहे, या निष्कर्षाला कार्डानो स्वतः पोचला होता. तरी तो खेळत राहिला. कारण आकड्यांच्या जोडीला त्याचा स्वतःच्या नशिबावर, ग्रहांवर आणि आपल्याला राखणाऱ्या एका अदृश्य शक्तीवरही विश्वास होता. स्कॉटलंडहून परतताना त्याने इंग्लंडचा किशोरवयीन राजा सहावा एडवर्ड याची कुंडली मांडून दीर्घायुष्याचे भाकीत केले. राजा पुढच्याच वर्षी पंधराव्या वर्षी वारला.

उतारवयात दुःखांनी त्याला गाठले. पत्नीला विष दिल्याबद्दल थोरल्या मुलाचा १५६० मध्ये शिरच्छेद झाला. धाकटा आल्दो बापाच्या वळणावर गेला. जुगारात हरून त्याने बापाच्याच घरी चोरी केली आणि बापाने त्याला बोलोन्यातून हद्दपार करवले. १५७० मध्ये धर्मन्यायालयाने पाखंडाच्या आरोपावरून कार्डानोला काही महिने कैदेत ठेवले. येशूची कुंडली मांडणे त्याला भोवले, असे मानतात. नंतर तो रोममध्ये राहिला, आत्मचरित्र लिहिले आणि सप्टेंबर १५७६ मध्ये वारला. जुगारावरचे पुस्तक १६६३ पर्यंत छापले गेलेच नाही. तोवर पास्काल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये हेच गणित पत्रांतून स्वतंत्रपणे उभे केले होते, आणि त्याचे जनक म्हणून त्यांचेच नाव झाले.

एखादे तिकीट गंमत म्हणून घेणाऱ्याला मी रुग्ण म्हणणार नाही. पण औषधाचे, फीचे, भाड्याचे पैसे तिकडे जाऊ लागले, घरच्यांपासून लपवावे लागले, हरलेले भरून काढण्यासाठी आणखी खेळावे लागले, थांबायचे ठरवूनही थांबता आले नाही, तर तो आजार आहे. अमेरिकेतल्या मानसोपचार वर्गीकरणाने २०१३ मध्ये जुगाराची विकृती दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर ठेवली. शेवटचा एकच आकडा हुकला, की ते हरणे मेंदूला जिंकण्याजवळचे वाटते आणि माणूस पुन्हा खिडकीवर जातो. अशा माणसाला नुसते गणित शिकवून भागत नाही, त्याला समुपदेशन आणि उपचार लागतात. सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात ते मिळतात, आणि ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शक्यतेचे गणित ज्याने मांडले त्यालाही ते वाचवू शकले नाही, मग मी त्या दिवशी दोन मिनिटांत काय साधणार होतो? रिक्षाचालक पुढच्या सोमवारी रक्तदाब तपासायला येणार आहेत. या वेळी बायकोला सोबत आणा असे सांगितले आहे. आकडेमोड न करता आधी त्यांना विचारायचे आहे, की तिकीट घेतले नाही त्या दिवशी कसे वाटते.