मूठभर धान्यावर उभी राहिलेली शाळा
(कर्मवीर भाऊराव पाटील)

शाळा कशावर चालते असे विचारले, तर आपण फळा, खडू, पुस्तके आणि गुरुजी यांची नावे घेऊ. परंतु या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा असतो. खर्च कोणी सोसायचा? कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आयुष्य या प्रश्नाशी झुंजण्यातच गेले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले. तेथे राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांची चळवळ उभारली होती. भाऊराव स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. पण त्या वसतिगृहांचे मोल त्यांनी जाणले.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. खेड्यातला हुशार मुलगा शिकत नाही याचे कारण केवळ फी नव्हे, हे त्यांच्या ध्यानी आले. हायस्कूल असे शहरात. तेथे राहायचे कोठे आणि जेवायचे काय? म्हणजे शिक्षणाचा खरा खर्च भाकरीचा होता. म्हणून वर्गाआधी त्यांनी वसतिगृह मांडले.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू झाले. कोल्हापुरात बहुतेक वसतिगृहे जातवार होती. येथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

आता पैशाची गोष्ट. घरोघरी बायका मूठभर धान्य बाजूला काढीत, त्याला मुष्टिफंड म्हणत. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत आणि शिकत. तेही अपुरे पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. आपण कर्मवीरांचे पुतळे पाहतो. त्या माउलीची आठवण मात्र क्वचितच काढतो.

शाळा वाढवायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले. पाठोपाठ जेथे शाळाच नव्हती अशा शेकडो खेड्यांत व्हॉलंटरी शाळा निघाल्या. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले.

१९४८ साली भाऊरावांच्या भाषणावरून सरकारशी वितुष्ट आले आणि अनुदान थांबले. संस्था मोडेल असे अनेकांना वाटले. पण जनतेने हात दिला आणि संस्था तगली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. लोकांनी वर्गणी दिली म्हणून सरकार मोकळे झाले, असा स्वावलंबनाचा अर्थ नाही. भाऊरावांनी अनुदान कधी कमी लेखले नाही. तो रयतेचाच पैसा होता. मात्र ज्या शाळेत आपली मूठ पडली आहे, ती शाळा गाव बंद पडू देत नाही. सरकारचा पैसा आणि गावाचा जिव्हाळा, दोन्ही हवेत.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. आजही ज्या घरांतून कोणी पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढतो, तेथे प्रवेश मिळाल्यावरचा पहिला प्रश्न खोलीभाडे आणि खाणावळीचाच असतो. फी माफ झाली म्हणजे शिक्षण मोफत झाले, असे मानणाऱ्यांनी कर्मवीरांचे चरित्र एकदा तरी वाचावे.