आधी पडदा उघडा

गणपतीतल्या नाटकाला आम्ही तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीवर असतो. नांदी चुकवायची नाही, ही घरची शिकवण. सिनेमाला जाताना मात्र ही शिस्त आम्ही कधी पाळली नाही. सुरुवातीला नुसती नावेच तर येतात, असे म्हणत बाहेर वडा संपवायचा आणि बॅटरीवाल्याच्या उजेडात लोकांचे पाय तुडवत आत शिरायचे. त्या नावांच्या दोन-तीन मिनिटांसाठी एका माणसाने उमेदीची वर्षे दिली हे कळल्यावर आम्ही थोडे ओशाळलो. त्यांचे नाव सॉल बॅस. यंदाच्या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावीशी वाटली.

बॅस यांचा जन्म ८ मे १९२० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाला. आईवडील पूर्व युरोपातून येऊन तिथे स्थिरावलेले ज्यू. मुलाचा हात चित्रकलेत लहानपणापासून चाले. पुढे पोटासाठी जाहिरातींची कामे करता करता त्यांनी ब्रुकलिन कॉलेजात ग्यॉर्गी केपेश या हंगेरियन कलावंताकडे शिक्षण घेतले. चित्रातून अनावश्यक ते काढत जावे आणि उरेल त्यातून सगळे बोलावे, ही दृष्टी त्यांना तिथे लाभली. १९४६ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि सिनेमाच्या जाहिराती करू लागले.

त्या काळी तिकडेही श्रेयनामावलीची अवस्था आपल्यासारखीच होती. रंगवलेल्या पाटीवर किंवा उलटणाऱ्या पानांवर नावे येत. अनेक थिएटरांत तर ती संपेपर्यंत पडदासुद्धा बाजूला करत नसत. नावे पडद्याच्या कापडावरच उमटून जात. प्रेक्षक गप्पांत.

१९५५ साली ऑटो प्रेमिंजर या दिग्दर्शकाने 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' काढला. पत्ते वाटण्यात तरबेज असलेला आणि हेरॉइनच्या व्यसनातून सुटू पाहणारा एक माणूस, ही त्याची कथा. नायक फ्रँक सिनात्रा. एवढा मोठा नट हाताशी असताना बॅस यांनी त्याचा चेहरा बाजूला ठेवला. काळ्या पार्श्वभूमीवर कागद कापून केल्यासारख्या पांढऱ्या पट्ट्या एकेक करून सरकत येतात, नावांना जागा देतात, आणि शेवटी त्यांतून एक वेडावाकडा, आखडलेला हात खाली उतरतो. सोबत एल्मर बर्नस्टीन यांचे जॅझ संगीत, ठोक्यागणिक पट्टी हलवणारे. सुई टोचायचा तो हात पाहिला की कथा सुरू होण्याआधीच पोटात खड्डा पडतो. नावे दिसण्याआधी पडदा उघडावा, अशी सूचना या चित्रपटाच्या डब्यांवर ऑपरेटरसाठी लिहून पाठवली होती, असे सांगतात. ती सूचना हीच आम्हाला बॅस यांच्या कामाची खरी सुरुवात वाटते.

पुढची पाच-सहा वर्षे त्यांच्या बहराची. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) एका स्त्रीचा चेहरा, मग ओठ, मग डोळा, आणि त्या डोळ्यातून गरगरत निघणारी वलये दिसतात. ती वलये जॉन व्हिटनी यांनी यंत्राच्या साह्याने काढली होती आणि संगीत होते बर्नार्ड हरमन यांचे. उंचीला घाबरणाऱ्या नायकाची भोवळ आपल्याला खुर्चीत बसल्या बसल्या येते. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) हिरव्या पार्श्वभूमीवर तिरक्या रेघा येतात, त्यांवरून नावे वरखाली धावतात आणि बघता बघता त्या रेघांची काचेची उंच इमारत होते. 'सायको'त (१९६०) करड्या पट्ट्या नावांना चिरतात आणि पुन्हा जोडतात; वर हरमन यांच्या तंतुवाद्यांचा तो अस्वस्थ घोष. दुभंगलेल्या मनाची गोष्ट आहे, हे कोणीही सांगितलेले नसते.

इतरांची नावे मांडणाऱ्या या माणसाच्या वाट्याला नावाचा वाद मात्र आला. 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या प्रसिद्ध खुनाच्या दृश्याची रेखाचित्रे बॅस यांनी काढली होती. ते दृश्य दिग्दर्शितही आपणच केले, असे त्यांनी पुढे सांगितले. खुद्द त्या दृश्यातल्या अभिनेत्री जॅनेट ली यांनी ते साफ नाकारले. आम्हाला त्यात न्यायनिवाडा करायचा नाही. रेखाचित्रे त्यांची होती, एवढे श्रेय कमी नव्हे.

दुसरे एक नाव आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. एलेन माकातुरा पन्नाशीच्या दशकात बॅस यांच्या कचेरीत कामाला लागल्या. १९६१ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि पुढचे काम जोडीने चालले. सिनेमांचे काम कमी झाल्यावर दोघांनी लघुपट केले. 'व्हाय मॅन क्रिएट्स' या लघुपटाला ऑस्कर मिळाले. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन, युनायटेड एअरलाइन्स यांसारख्या कंपन्यांची बोधचिन्हे बॅस यांच्या कचेरीतून निघाली. मुंग्यांवरचा 'फेज फोर' (१९७४) हा बॅस यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट चालला नाही.

आता आपल्याला विसरले, असे वाटण्याच्या वयात मार्टिन स्कॉर्सेसी यांनी या जोडप्याला बोलावले. 'गुडफेलाज', 'केप फिअर', 'द एज ऑफ इनोसन्स' आणि 'कसिनो' अशा चार चित्रपटांची नामावली त्यांनी केली. 'केप फिअर'साठी हरमन यांचे जुने संगीत पुन्हा वापरले गेले आणि ते नव्याने बसवले एल्मर बर्नस्टीन यांनी. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीचे सोबती असे पुन्हा एका पडद्यावर आले. आणि या वेळी नामावलीच्या श्रेयात एलेन यांचे नाव सॉल यांच्या आधी होते.

२५ एप्रिल १९९६ रोजी लॉस एंजेलिस येथे बॅस यांचे निधन झाले. तेव्हा 'कसिनो' येऊन सहा महिनेही झाले नव्हते.

आता आम्ही सिनेमाला पाच मिनिटे आधी जातो. आणि हो, या स्मरणिकेची पहिली काही पाने कार्यकारिणी, वर्गणीदार, मांडव घालणारे, प्रसादाच्या पंगतीत वाढणारे यांच्या नावांची असतात. ती उलटून थेट लेखांकडे वळण्याची आपली सगळ्यांची सवय आम्हाला ठाऊक आहे. यंदा ती पाने वाचूनच पुढे जावे, एवढी विनंती.