विश्लेषण : वाय-फायच्या जमान्यात लोखंडी तारेचा डॉक्टर का आठवावा? कोण होते विल्यम ओशॉनेसी?

बेसा (नागपूर) : बेसा, पिपळा, मनीषनगर भागातील फ्लॅटमध्ये इंटरनेटचे कनेक्शन घेताना ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्पीड किती? खांबावरून घरात येणारी केबल फायबरची आहे की तांब्याची, हे फार थोडे जण विचारतात. प्रत्यक्षात संदेश किती दूर आणि किती स्वच्छ पोहोचणार, हे बऱ्याच अंशी त्या वाटेवर ठरते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी भारतात या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसला तो इंजिनीअर नव्हता, तर कोलकात्यातील एक डॉक्टर होता. त्यांचे नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी.

ओशॉनेसी मूळचे कोण?

आयर्लंडमधील लिमरिक येथे जन्मलेल्या ओशॉनेसी यांनी १८२९ मध्ये एडिनबरा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलराची साथ आली. ओशॉनेसी यांनी रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातील पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे दिसले. गेलेले पाणी आणि क्षार शिरेतून परत द्यावेत, अशी सूचना त्यांनी केली. पुढच्याच वर्षी थॉमस लॅटा या डॉक्टरने ती रुग्णांवर वापरून पाहिली. आज रुग्णालयात लावल्या जाणाऱ्या सलाइनचे मूळ इथे आहे.

१८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले. पुढे कोलकाता मेडिकल कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवू लागले आणि तिथेच त्यांना विजेच्या प्रयोगांचा नाद लागला.

सिग्नल आणि माध्यम म्हणजे काय?

सिग्नल म्हणजे माहिती वाहून नेणारा बदल. विजेचा दाब वाढणे-कमी होणे, प्रकाश चमकणे-विझणे, रेडिओलहरीचे रूप बदलणे, हे सगळे सिग्नलच. तो ज्यातून प्रवास करतो ते माध्यम. तांब्याची तार, काचेचा तंतू म्हणजे ऑप्टिकल फायबर किंवा मोकळी हवा, ही आजची प्रमुख माध्यमे.

कोणत्याही माध्यमात सिग्नलसमोर तीन अडचणी येतात. अंतर वाढते तसा तो क्षीण होतो. वाटेत तो बाहेर गळतो. शिवाय बाहेरचा गोंगाट त्यात मिसळतो. ओशॉनेसी यांची पुढची वीस वर्षे या तीन अडचणींशी झगडण्यात गेली.

१८३९ चा प्रयोग काय होता?

त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत ओशॉनेसी यांनी कोलकात्याजवळ बांबूच्या खांबांवर लोखंडी तार ताणून २१ मैलांची प्रायोगिक लाइन उभारली. तिचा सुमारे ७००० फूट भाग हुगळी नदीतून जात होता. पाण्यात वीज गळू नये म्हणून तारेला डांबर, चिरलेला वेत आणि डांबरात भिजवलेला दोर यांचे वेष्टण केले होते. आजच्या केबलवरील प्लास्टिकचे आवरण जे काम करते, तेच काम हे वेष्टण करत होते.

संदेश वाचण्याची पद्धत मात्र विचित्र होती. तारेतून आलेला विजेचा हलका झटका घेणाऱ्याच्या बोटाला जाणवायचा आणि झटक्याच्या वेळी घड्याळाचा काटा कुठे आहे, यावरून अक्षर ओळखले जायचे. म्हणजे दोन्ही टोकांची घड्याळे एकाच तालावर चालणे आवश्यक होते. पाठवणारा आणि घेणारा यांचा ताल जुळवणे ही गोष्ट डेटा नेटवर्कमध्ये आजही तितकीच महत्त्वाची आहे.

मग काम दशकभर का रखडले?

प्रयोग यशस्वी झाला, पण कंपनी सरकारला त्यात रस वाटला नाही. ओशॉनेसी मायदेशी जाऊन आले आणि कोलकात्याच्या टांकसाळीत काम करू लागले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी पाठबळ दिल्यावर चित्र पालटले. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर आणि पुढे समुद्राच्या दिशेने लाइन सुरू झाली. टांकसाळीत ओशॉनेसी यांच्या हाताखाली असलेल्या शिबचंद्र नंदी यांनी डायमंड हार्बरहून पहिला सिग्नल पाठवला. १८५२ च्या ब्रह्मदेश युद्धात रंगून पडल्याची बातमी, ती आणणारे जहाज कोलकात्याच्या धक्क्याला लागण्याआधीच तारेने शहरात पोहोचली. तारेचा उपयोग राज्यकर्त्यांना पटवायला एवढे पुरेसे होते.

लोखंडच का निवडले?

इथे त्यांच्या कामाचे मर्म आहे. युरोपातील बारीक तार इथे जशीच्या तशी चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. वादळ, मुसळधार पाऊस, तारेवर बसणारे घारी-कावळ्यांचे थवे आणि झोके घेणारी माकडे या सगळ्यांना ती पुरून उरायला हवी होती. म्हणून पहिल्या लाइनसाठी त्यांनी ३/८ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई घेतली.

यामागचे गणित साधे आहे. लोखंडाचा विद्युत रोध तांब्याच्या सुमारे सहापट असतो. पण तार जितकी जाड तितका रोध कमी. त्यामुळे साडेनऊ मिलिमीटरची लोखंडी सळई जवळपास चार मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेइतकी वीज वाहून नेते आणि मजबुती मिळते ती वेगळीच. नदीत मात्र जहाजांच्या नांगरांचा धोका होता. तिथे गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनवलेल्या पदार्थाचे वेष्टण असलेली तार जाड साखळदंडाच्या कडेने बसवण्यात आली.

यंत्रही त्यांनी साधे ठेवले. विजेची दिशा बदलली की छोटी सुई डावीकडे किंवा उजवीकडे वळे आणि त्या हालचालींच्या जोडणीतून अक्षरे बनत. फक्त दोन स्थितींत माहिती बांधण्याची ही कल्पना डिजिटल डेटातील शून्य आणि एकच्या जवळची आहे. सुई किती वळली याला महत्त्व नसते, कुठे वळली ते कळले की पुरे. म्हणून सिग्नल क्षीण झाला तरी संदेश वाचता येतो. पुढे १८५० च्या दशकातच मोर्स पद्धतीची यंत्रे आली.

तार मुंबईपर्यंत कधी आली?

लांब पल्ल्याच्या कामाला नोव्हेंबर १८५३ मध्ये सुरुवात झाली. मार्च १८५४ मध्ये कोलकाता-आग्रा हा सुमारे ८०० मैलांचा टप्पा पूर्ण झाला. आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूरमार्गे एक लाइन मुंबईला आली आणि मुंबईहून पुण्यामार्गे दुसरी मद्रासकडे गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा जनतेसाठी खुली झाली. ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना एक रुपया असा दर होता. सामान्य माणसासाठी ही रक्कम मोठी होती, त्यामुळे सरकारसोबत व्यापारीच तारेचे मुख्य ग्राहक ठरले. १८५६ पर्यंत सुमारे ४००० मैल तार टाकून झाली आणि ओशॉनेसी यांना त्याच वर्षी सर हा किताब मिळाला.

एवढ्या अंतरावर सिग्नल एका दमात जात नसे. मधल्या कार्यालयातील तारबाबू संदेश वाचून, लिहून घेऊन पुढे पाठवत. क्षीण सिग्नल नव्याने उभा करण्याचे हे काम आता रिपीटर नावाचे उपकरण करते.

ही तार कुणाच्या कामी आली?

तार टाकण्याचा वेग थक्क करणारा होता, पण हेतू राज्य घट्ट धरून ठेवण्याचा होता. ज्या डलहौसींनी तारेला बळ दिले, त्यांनीच १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा केले. मे १८५७ मध्ये मेरठचे सैनिक दिल्लीत शिरले, तेव्हा दिल्लीच्या तार कार्यालयातून अंबाल्याला इशारा गेला आणि पंजाबमधील इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. उठाव करणाऱ्यांनीही तारेची ताकद ओळखली होती. म्हणूनच अनेक ठिकाणी तारा तोडल्या गेल्या आणि खांब उखडले गेले. नेटवर्क ज्याच्या हाती, त्याला बातमी आधी, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

आजच्या फायबरशी याचा काय संबंध?

माध्यम बदलले, प्रश्न तेच राहिले. चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाची ताकद निम्मी व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात आणि विजेच्या गोंगाटाचा त्यावर परिणाम होत नाही. म्हणून लांब अंतरासाठी फायबर सरस ठरते. मात्र ते जास्त वाकवले किंवा त्याचा जोड नीट बसला नाही, तर प्रकाश गळतो. घरातील शेवटचे काही मीटर वाय-फायचे असतात. तिथे भिंती, अंतर आणि शेजाऱ्यांचे राउटर सिग्नल बिघडवतात. त्यामुळे प्लॅन मोठा घेऊनही आतल्या खोलीत व्हिडिओ अडकत असेल, तर आधी राउटरला तार जोडून स्पीड तपासावा. तारेवर तो ठीक आला, तर दोष बहुधा घरातल्या हवेच्या वाटेत असतो.

ओशॉनेसी यांचा शेवट कसा झाला?

१८६० च्या सुमारास ते इंग्लंडला परतले. १८६१ मध्ये त्यांनी आडनाव बदलून ब्रुक असे केले. जानेवारी १८८९ मध्ये साउथसी येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली तारसेवा भारतात त्यानंतरही सव्वाशे वर्षे चालली. १४ जुलै २०१३ हा तार स्वीकारण्याचा शेवटचा दिवस ठरला.