मेरुरज्जूचा उलगडा आणि एक सूक्ष्मदर्शक

साधनांच्या अभावी संशोधन खुंटते, हे अर्थशास्त्राचा अध्यापक तरी नाकारणार नाही. परंतु तुटपुंजे साधन नेमके कोठे वेचावे, हाही त्याच शास्त्राचा प्रश्न आहे. या दृष्टीने स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन ई काहाल यांचे चरित्र मननीय आहे.

काहाल 1852 साली पेतिल्या दे आरागोन या खेड्यात जन्मले. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शल्यवैद्य वडिलांनी त्यांना वैद्यकाकडे वळविले. लष्करी डॉक्टर म्हणून 1874 साली ते क्यूबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले. 1885 च्या पटकीच्या साथीत त्यांनी केलेल्या अभ्यासाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक मंडळाने त्यांना झाइस बनावटीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला.

त्या काळी मेरुरज्जूची स्थूल रचना ज्ञात होती. सुमारे 45 सेंटिमीटर लांबीच्या या रज्जूचा आडवा छेद घेतला, तर मध्ये फुलपाखरासारखे करडे द्रव्य आणि भोवती पांढरे तंतू दिसतात. चेतांच्या 31 जोड्या त्याला जोडलेल्या असतात. मागच्या मुळांतून संवेदना आत येते, पुढच्या मुळांतून आज्ञा स्नायूंकडे जाते. पण संवेदनेची आज्ञा होते कशी? सारे तंतू परस्परांत मिसळून एक अखंड जाळे बनते, असे बहुतेक विद्वान मानीत. 1873 साली रौप्यक्षारांनी चेतापेशी रंगविण्याची पद्धत शोधणारे इटलीचे कामिल्लो गोल्जी यांचेही मत तेच होते.

काहाल यांनी पद्धत गोल्जींचीच घेतली. निवड मात्र स्वतःची केली. प्रौढ प्राण्यातील तंतूंच्या गुंत्यात न शिरता त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील भ्रूण तपासले. तेथे तंतू थोडे असतात आणि त्यांवर पांढरे वेष्टन अद्याप चढलेले नसते. तेव्हा स्पष्ट दिसले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. तंतू दुसऱ्या पेशीजवळ पोहोचतो, तिच्यात विलीन होत नाही.

हे निष्कर्ष छापण्यासाठी 1888 साली त्यांनी पदरमोड करून नियतकालिक काढले. प्रती अवघ्या 60. पुढील वर्षी बर्लिनच्या परिषदेत मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यांनी मान्यवरांना आपले छेद दाखविले. ज्येष्ठ शास्त्रज्ञ केलिकर यांना ते पटले. 1906 चे नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांना विभागून मिळाले. गोल्जींनी मात्र तेथेही जाळ्याचाच पक्ष मांडला. काहाल 1934 साली निवर्तले. पेशींमधील सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविली ती त्यानंतर, 1950 च्या दशकात.

गरिबीतही संशोधन होते, एवढाच बोध यातून घेणे सोयीचे, पण अर्धवट ठरेल. निवडीचा विवेक काहाल यांचा होता, हे खरे. परंतु तो सूक्ष्मदर्शक सार्वजनिक निधीतून आला होता. बुद्धिमत्ता घडविणे कोणत्याही मंडळाच्या हाती नसते. ती ओळखून वेळीच एक उपकरण तिच्या हाती देणे मात्र निश्चित असते.