लेड बेली : गळा त्यांचा, हक्क कुणाचा?

लोककलावंताच्या गळ्याला वाहवा मिळते; पण त्याच्या माणूसपणाचे आणि मोबदल्याचे काय? अमेरिकेचे कृष्णवर्णीय लोकगायक हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली यांचे जीवन आम्हाला हाच प्रश्न विचारते.

लुईझियाना राज्यातील मूरिंग्सपोर्टजवळ 1880च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. बारा तारांची गिटार घेऊन ते श्रमाची, भक्तीची, नाचाची, गुराख्यांची गाणी गात. शेकडो गाणी तोंडपाठ! टेक्सासमध्ये 1918 साली खुनाबद्दल आणि लुईझियानात 1930 साली खुनाच्या प्रयत्नाबद्दल त्यांना शिक्षा झाली. त्यावर आम्ही पांघरूण घालणार नाही. पहिल्या वेळी गव्हर्नर पॅट नेफ यांनी त्यांचे गाणे ऐकले आणि 1925 साली त्यांना माफी दिली.

1933 साली अंगोला तुरुंगात लोकगीत संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्यांचे पुत्र अ‍ॅलन यांनी त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. हा तुरुंग एकेकाळच्या गुलामांच्या मळ्यावर उभा आहे. लोमॅक्स यांच्यामुळे ही गाणी जगासमोर आली, हे मान्यच करावे लागेल. पण 1934 साली सुटलेला हा कलावंत लोमॅक्स यांची मोटार चालवू लागला. 1935च्या एका वृत्तचित्रात त्यांना पुन्हा कैद्याच्या कपड्यांत दाखवले गेले. कमाईत दोन वाटे लोमॅक्स पितापुत्रांचे आणि एक वाटा गाणाऱ्याचा! त्याच वर्षी जॉन लोमॅक्स यांच्याशी त्यांचे बिनसले.

1937 साली ते ध्वनिमुद्रणासाठी राजधानी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कातडीच्या रंगामुळे त्यांना आणि पत्नी मार्था यांना मुक्कामाला जागा नाकारण्यात आली. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना निवारा नाकारणारी वृत्ती आम्हाला येथे आठवते. लेड बेली यांनी त्या अपमानावरच गाणे रचले आणि राजधानीचा मुखवटा फाडला.

6 डिसेंबर 1949 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे 'गुडनाइट, आयरीन' हे गाणे वीव्हर्स या गोऱ्या गायकांच्या संचाने गायले आणि ते 13 आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. लेड बेली मात्र ते पाहायला नव्हते.

बांधवांनो, आमच्या जलसाकारांनी, शाहिरांनी वस्तीवस्तीत चळवळ पोहोचवली. त्यांची गाणी जयंतीला आम्ही मोठ्या आवाजात लावतो. त्यांपैकी किती गाण्यांच्या कवींची नावे आम्हाला ठाऊक आहेत? किती कलावंतांच्या घरी मानधन पोहोचते? कलावंत जिवंत असतानाच त्याचे नाव घेऊ, त्याचा हक्क त्याच्या हाती देऊ. मरणानंतरचे हार त्याच्या चुलीला उपयोगी पडत नाहीत.