विठ्ठलराव विखे पाटील : लोकसमूह आणि लोकशाही

प्रास्ताविक

लोकशाहीच्या उदारमतवादी सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी व्यक्ती, तिचे हक्क आणि तिचे मत असते. तथापि मतदार एकाकी नसतो. तो गाव, जात, व्यवसाय व संस्था यांच्या जाळ्यात वावरत असतो. हा लोकसमूह लोकशाहीस पोषक ठरतो की मारक, या प्रश्नाचा विचार तुम्हांला येथे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या जीवनकार्याच्या आधारे करावयाचा आहे.

जीवन व कार्य

विठ्ठलरावांचा जन्म लोणी बुद्रुक येथील शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेले नाही. भंडारदरा धरणामुळे प्रवरा कालव्यांचे पाणी या भागात खेळू लागले व उसाचे मळे उभे राहिले. परंतु बागायतदाराच्या हाती पैसा टिकत नसे. लागवडीसाठी सावकाराचे कर्ज काढावे आणि गुळाचे भाव कोसळले की जमीन गहाण टाकावी, असे हे चक्र होते.

१९२३ मध्ये विठ्ठलरावांनी लोणीत सहकारी पतपेढी सुरू केली. एकट्याला पत नसली, तरी परस्परांना ओळखणाऱ्या सभासदांची एकत्रित पत उभी राहू शकते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

पुढे शेतकऱ्यांच्याच मालकीचा साखर कारखाना काढण्याचा विचार पुढे आला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन व तत्कालीन मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा लाभला. तरीही भागभांडवल जमविणे सोपे नव्हते. कष्टाचा पैसा बुडेल, ही भीती घरोघरी होती. विठ्ठलराव गावोगाव हिंडले. लोकांनी प्रथम विश्वास ठेवला तो या माणसावर. संस्थेवरचा विश्वास नंतर निर्माण झाला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. गाडगीळ अध्यक्ष व विठ्ठलराव उपाध्यक्ष होते. १९६१ मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

सैद्धान्तिक विवेचन

फ्रेंच विचारवंत टॉकव्हिल यांनी अमेरिकेतील लोकशाहीचा अभ्यास करून असे प्रतिपादिले, की स्वेच्छेने स्थापन केलेल्या संस्थांत नागरिकांना लोकशाहीचे शिक्षण मिळते. रॉबर्ट पुटनम यांनी इटलीच्या अभ्यासातून (१९९३) परस्परविश्वास व सहकार्याच्या सवयी यांना ‘सामाजिक भांडवल’ मानले. प्रवरेचा अनुभव या दोन्ही मतांना पुष्टी देतो. सहकारात शेअर कितीही असोत, प्रत्येक सभासदास एकच मत असते. वार्षिक सभेत हिशेब विचारणारा शेतकरी सत्तेला जाब विचारण्याचाच पाठ गिरवीत असतो.

मात्र येथेच थांबू नका. कारखान्याचा सभासद होण्यासाठी ऊस हवा, उसासाठी जमीन व पाणी हवे. ऊसतोड मजूर, भूमिहीन आणि जिच्या नावावर जमीन नाही अशी शेतकरी स्त्री या समूहाच्या श्रमात सहभागी असतात, मतदानात नसतात. शिवाय पदे काही घराण्यांत स्थिरावली, की मतदान औपचारिक बनते. म्हणून पुटनम सजातीयांना बांधणारे संबंध आणि भिन्न गटांना जोडणारे संबंध यांत भेद करतात. पहिल्या प्रकारातून एकजूट येते; लोकशाहीला दुसऱ्याचीही गरज असते.

समारोप

सावकारीपुढे हतबल झालेला शेतकरी विठ्ठलरावांच्या कार्यामुळे संस्थेचा मालक झाला, हे त्याचे मोल निर्विवाद आहे. लोकसमूह लोकशाहीस बळ देतो. परंतु त्याच्या उंबरठ्याबाहेर कोण राहिले, हे तपासल्यावाचून त्या बळाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

स्वाध्याय

१. ‘सामाजिक भांडवल’ ही संकल्पना लोणीच्या पतपेढीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एखादी पतसंस्था, दूधसंस्था किंवा बचतगट निवडा. तेथे निर्णय कोण घेतो व निर्णयापासून कोण दूर राहतो, याची नोंद करा.